दर जूनला तीच घरघर: फ्रंट लोड मशीनचं बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं

मशीन स्पिनला गेलं की भरलेला ट्रक दूरवरून चढण चढत यावा तसा आवाज सुरू होतो. दोन-तीन मिनिटांत तो इतका वाढतो की शेजारच्या खोलीत फोनवर बोलणं मुश्किल होतं. तुमच्या कपडे धुण्याच्या फ्रंट लोड मशीनला हा त्रास असेल, मेकॅनिकने बेअरिंग (ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो ते पोलादी गोळ्यांचं कडं) बदलून दिलं असेल आणि वर्षाच्या आत आवाज परत आला असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. आमच्याकडे हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी आणि माझे धाकटे दीर, आम्ही दोघांनी मशीन स्वतः उघडलं आणि खराबीचं मूळ तेव्हा सापडलं.

आमचं घर गोव्यात मांद्र्याला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. दोन खोल्या आम्ही ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत पर्यटकांना देतो. त्यामुळे सहा महिने रोज टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे. मशीन मागच्या पडवीत आहे, वर कौलं, एक बाजू उघडी. पावसाळ्यात पाहुणे नसतात, तेव्हा ते घरच्या कपड्यांपुरतं आठवड्यातून दोनदा चालतं. आणि आवाज मात्र दर वेळी जूनमध्येच सुरू व्हायचा. पाहुण्यांचा राबता असताना, मशीन दिवसातून तीनदा चालत असताना, कधीच नाही. सासूबाई म्हणायच्या, "कामाच्या दिवसांत गप्प आणि बसवून ठेवलं की रडतं." दोन वर्षं मला हे कोडं सुटत नव्हतं, आणि उत्तर त्यांच्या त्या वाक्यातच होतं.

आधी आवाज बेअरिंगचाच आहे याची खात्री करा

प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. दार उघडून ड्रम हाताने फिरवा आणि दुसरा हात मशीनच्या पाठीवर ठेवा. बेअरिंग चांगलं असेल तर ड्रम जवळजवळ निःशब्द फिरतो आणि हळूहळू थांबतो. गेलेलं असेल तर जात्यात खडा आल्यासारखी बारीक खरखर तळहाताला जाणवते. मग ड्रमची वरची कड आतून धरून वर उचलून बघा. आतला ड्रम आणि बाहेरचा टब मिळून हलत असतील तर ठीक, तो सगळा संच स्प्रिंगवर लटकलेला असतो. टब जागच्या जागी राहून नुसता ड्रम वर-खाली होत असेल, टक् टक् वाजत असेल, तर बेअरिंग संपलं.

तिसरी खूण मागचं पत्र्याचं झाकण काढल्यावर दिसते. टबाच्या मध्यभागी, मोठ्या पुलीच्या मागून खाली गंजाचा तपकिरी ओघळ आलेला असेल तर पाणी त्याला अडवणारं रबरी सील ओलांडून बेअरिंगपर्यंत पोचलंय. हा ओघळ दिसला की दुसरं काही शोधायला नको.

बाकीचे आवाज वेगळे असतात. स्पिनला मशीन धडधडत पुढे सरकत असेल तर शॉकअप किंवा पाय बघा. पाणी सोडताना खडखडाट होत असेल तर ड्रेन पंपात नाणं किंवा ब्राचा हूक अडकलाय. सुरुवातीला एकदाच चीं करून गप्प होत असेल तर पट्टा ढिला आहे. यांपैकी एकासाठीही टब खाली उतरवावा लागत नाही, म्हणून आधी हे तपासून मगच मोठ्या कामाला हात घाला. मशीन वॉरंटीत असेल तर अजिबात उघडू नका.

पहिल्या दोन दुरुस्त्या का टिकल्या नाहीत

ड्रमच्या पाठीला तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पायडर असतो, काही दुकानदार त्याला ट्रायपॉड म्हणतात. त्याच्या मधोमध पोलादी शाफ्ट. हा शाफ्ट टबाच्या पाठीतून बाहेर येतो आणि दोन बेअरिंगवर फिरतो: ड्रमच्या बाजूला मोठं, पुलीच्या बाजूला लहान. मोठ्या बेअरिंगच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, रबरी सील. सीलची पातळ ओठासारखी कड शाफ्टवर चढवलेल्या पितळी बुशवर, म्हणजे नळीसारख्या कड्यावर, घासत राहते, आणि तेवढ्या एका रेघेवर पाणी अडतं. बेअरिंगला पाण्यापासून दुसरं काही वाचवत नाही.

पहिल्या वर्षी आलेल्या मेकॅनिकने फक्त बेअरिंग बदलली, सील जुनंच ठेवलं. जुनं सील पाणी सोडत होतं म्हणूनच बेअरिंग गेलं होतं, तेव्हा नवीन बेअरिंगचंही तेच होणार हे आज लख्ख दिसतं. दुसऱ्या वर्षी मी स्वतः अडून बसले आणि सीलही नवीन घातलं. तरी पुढच्या जूनला घरघर हजर. मेकॅनिक म्हणाले, "वहिनी, इथे खारी हवा, मशीन टिकतच नाही, नवीन घ्या." खारी हवा खरीच आहे. आमच्या मशीनचा पत्राही खालच्या कडेला फुगलाय. पण बेअरिंग टबाच्या पोटात असतं, तिथे हवेच्या आधी पाणी पोचतं. नवीन सील असूनही पाणी कुठून येतं, हा प्रश्न मला गप्प बसू देईना.

उघडल्यावर

काम एका दिवसाचं धरा आणि दोन माणसं लागतातच. मशीनचं वजन 60-70 किलोच्या घरात असतं, त्यातला मोठा वाटा टबाला बांधलेल्या काँक्रीटच्या वजनांचा. ती वजनं आधी काढली तर टब उचलणं सोपं जातं. पत्र्याच्या आतल्या कडा सुरीसारख्या धारदार असतात, त्यामुळे हातमोजे घाला. नळ बंद करा, खालच्या फिल्टरमधून उरलेलं पाणी काढून टाका. प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप सोडवण्याआधी फोटो काढा. दिरांनी प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवून वाटीला कागदाची चिठ्ठी लावली होती. संध्याकाळी जोडताना त्या चिठ्ठ्यांनी आमचे दोन तास वाचवले.

वरचं झाकण, पावडरचा खण, पुढचा पत्रा, दाराच्या रबराची तार, वजनं, हीटरच्या आणि मोटरच्या वायरी, शॉकअप, आणि शेवटी स्प्रिंग, असा क्रम आमच्या मशीनला होता. एक गोष्ट मात्र उघडण्याआधी तपासा: टबाचे दोन अर्धे बोल्टने जोडलेले आहेत की कारखान्यातच वितळवून चिकटवलेले. चिकटवलेला टब उघडत नाही. तिथे पूर्ण टबाचा संचच बदलावा लागतो, आणि त्या किमतीत नवीन मशीनचा विचार करणंच शहाणपणाचं.

पुलीचा बोल्ट काढून पुली सोडवली, मग बोल्ट परत अर्धा आत फिरवला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोड्याने ठोकलं. बोल्ट न लावता नुसत्या शाफ्टवर ठोकलं तर त्याचं टोक फुलतं आणि आटे मरतात. चौथ्या ठोक्याला ड्रम सुटला.

टबाच्या तळाशी रेती होती. मूठभर. ओली, करडी, आमच्याच किनाऱ्याची. बेअरिंगमधलं ग्रीस चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं आणि गोळ्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. पण मला दाखवायची गोष्ट ही नव्हे. शाफ्टवरचा पितळी बुश मी फडक्याने पुसला. दिसायला चकचकीत होता. सील जिथे घासतं तिथे फक्त एक बारीक काळसर रेघ. त्या रेघेवरून आडवं नख फिरवलं आणि नख अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. ती रेघ म्हणजे बुशला पडलेली खाच होती, सगळ्या बाजूंनी गोल.

दोन वर्षांत एकानेही ही जागा नखाने तपासली नव्हती. सीलची कड लवचिक असते, पण ती गुळगुळीत गोल पृष्ठभागासाठी बनलेली असते. खाचेवर बसलेलं नवीन सील पहिल्या दिवसापासून थेंब थेंब पाणी सोडतं. आणि खाच पडली कशाने? रेतीने. टॉवेलमधली बारीक रेती पाण्याबरोबर ड्रमच्या मागे जाते, सीलच्या कडेत रुतून बसते, आणि तिथून पॉलिश पेपरसारखी बुश घासत राहते. रबरासारखी मऊ वस्तू पितळ कापते हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. कापते ती रेती, रबर तिला फक्त धरून ठेवतं.

जूनचं कोडंही इथेच सुटलं. हंगामात मशीन रोज चालतं, बेअरिंगमध्ये शिरलेलं पाणी फिरत राहतं, गंजाला एका जागी बसायला वेळ मिळत नाही. पाहुणे गेले की मशीन चार-चार दिवस उभं. आतल्या पाण्याने गोळ्या जागच्या जागी गंजतात, आणि पुढच्या वेळी मशीन लावलं की ते गंजाचे डाग घासले जाऊन आवाज सुरू होतो. बिघाड जानेवारीत होत होता, ऐकू येत होता जूनमध्ये.

कोणते भाग घ्यावेत

जुनी बेअरिंग टाकू नका, दुकानात घेऊन जा. नंबर कडेवर कोरलेला असतो. आमच्या मशीनला 6206 आणि 6205 आहेत. 6206 म्हणजे आतला व्यास 30 मिलिमीटर, बाहेरचा 62, रुंदी 16. 6205 म्हणजे 25, 52, 15. लहान मशीनमध्ये 6204 असू शकतं, 20, 47, 14. गंजाने नंबर गेला असेल तर कॅलिपरने ही तीन मापं घेतली की नंबर कळतो. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टूआरएस असेल तर रबराचं. मी टूआरएस घेतली. पाणी पोचलंच तर रबर थोडा जास्त वेळ टिकाव धरतं. बेअरिंगमध्ये बनावट माल खूप आहे, म्हणून खोक्यावरची छपाई अस्पष्ट असेल किंवा भाव ऐकूनच शंका येईल इतका कमी असेल तर घेऊ नका. बेअरिंग नेहमी अशा दुकानातून घ्या जे पंप आणि मोटरवाल्यांनाही माल देतं. म्हापशात अशी दुकानं सापडतात.

सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते, पण मापाबरोबर मशीनचा मॉडेल नंबरही सांगा. सारख्या मापाच्या दोन सीलांच्या कडांची घडण वेगळी असू शकते. टबाच्या दोन अर्ध्यांमधलं रबरी गॅस्केटही नवीन घ्या. जुनं ताणलेलं असतं.

आता बुश. तीन वाटा आहेत. नख अडकत नसेल, नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपर ओला करून शाफ्टभोवती गोल फिरवत घासा. लांबीच्या दिशेने घासू नका, उभ्या ओरखड्यांतून पाणी सरळ आत जातं. नख अडकत असेल आणि स्पायडर धडधाकट असेल तर लेथवाल्याकडून जुना बुश काढून त्याच मापाचा नवीन बसवून घेता येतो. थिवीच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला आम्ही त्याचसाठी गेलो होतो. लेथवर काम करणाऱ्या टर्नरने शाफ्ट हातात घेतला, बुशकडे पाहिलंही नाही, स्पायडर उलटा केला आणि एका पायाच्या मुळाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला. अ‍ॅल्युमिनियम भिजलेल्या खडूसारखं सुटलं. "ताई, बुश मी करून देईन, पण हा पाय तुम्हाला सांगून तुटणार नाही," ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. स्टेनलेस स्टीलचा ड्रम आणि अ‍ॅल्युमिनियमचा स्पायडर एकमेकांना चिकटून साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात भिजत राहिले की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. पायांच्या खाचांत साबणाचा करडा चिखल साठला की ते आणखी वेगाने होतं. आणि त्या तीन पायांवर भार किती येतो बघा: 50 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 1200 फेरे घेत असेल तर एका बाजूला जमलेले 100 ग्रॅमचे ओले कपडे सुमारे 40 किलोच्या जोराने बाहेर खेचतात. स्पायडर त्या वेगात तुटला तर ड्रम टब फोडतो. म्हणून तिसरी वाट धरली: शाफ्ट आणि बुशसकट नवीन स्पायडर. बेअरिंग-सीलच्या जोडीहून तो बराच महाग पडला, तरी मला त्या पैशांचं एकदाही वाईट वाटलं नाही.

बसवताना

नवीन बेअरिंग पिशवीत गुंडाळून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने धातू किंचित आकसतो आणि बेअरिंग टबातल्या त्याच्या घरात, म्हणजे बसायच्या खोबणीत, सहज जातं. जुनी काढताना दुसऱ्या बाजूने पितळी दांडा लावून, समोरासमोरच्या जागा बदलत ठोका. एकाच जागी ठोकलं तर ते तिरकं अडकतं. आमच्या मोठ्या बेअरिंगचं बाहेरचं कडं आतच चिकटून राहिलं होतं. दिरांनी छोट्या ग्राइंडरने त्याला आतून खाच पाडली, घराला पातं लागू न देता, मग छिन्नीच्या एका ठोक्याला ते तडकलं आणि निघालं.

नवीन बेअरिंग बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्या. आतल्या कड्यावर ठोकलं तर तो मार गोळ्यांतून जातो आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवशीच खराब होतं. जुनं बेअरिंग त्याच्यावर ठेवून त्यावर ठोकलं की दाब सगळीकडे सारखा पडतो. पूर्ण बसल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द होतो, तो ऐकून थांबा. सीलच्या कडेला पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरपूर लावा. व्हॅसलीन लावू नका, त्याने बऱ्याच प्रकारचं रबर फुगतं. सील कोणत्या बाजूने होतं त्याचा फोटो आधी काढलेला हवा. टबाचे बोल्ट मोटारीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. पुलीच्या बोल्टला आटे पकडणारा द्रव लावायला विसरू नका.

मागचं झाकण लगेच लावू नका. रिकामं मशीन एकदा गरम पाण्यावर चालवा आणि नंतर टॉर्च घेऊन पुलीमागे बघा. आम्ही तिथे जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला होता. तो दुसऱ्या दिवशीही कोरडा होता. तेव्हा झाकण लावलं. मशीन परत जागेवर ठेवताना पाणसळ लावा. आमच्या पडवीच्या लाद्यांना मोरीकडे उतार आहे, त्यामुळे मशीन इतकी वर्षं कलूनच फिरत होतं.

रेतीचा बंदोबस्त

हे केलं नसतं तर नवीन बुशलाही खाच पडली असती, म्हणून सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला. पाहुण्यांचे टॉवेल आता थेट मशीनमध्ये जात नाहीत. आधी दोरीवर टाकून वाळवायचे, मग झटकायचे. ओल्या टॉवेलमधून रेती सुटत नाही, वाळला की झरझर गळते. त्यानंतर मोठ्या बादलीत एकदा बुचकळायचे. पाणी थोडा वेळ स्थिर ठेवलं की तळाशी रेतीचा थर दिसतो. पहिल्या दिवशी तो थर सासूबाईंनी बोटाने उचलून पाहिला आणि त्या दिवसापासून बादलीचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. खोल्यांच्या बाहेर आता पाय धुवायला नळही बसवला आहे.

टाकीचं पाणीही बघा. आमच्याकडे नळाचं पाणी चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं आणि उन्हाळ्यात विहिरीचा आधार घेतो. विहिरीच्या पाण्यात चिऱ्याची तांबडी धूळ असते. मशीनच्या आधी गाळ अडवणारा साधा फिल्टर लावला, तो महिन्यात लाल होतो.

साबणही कमी केला. आमच्या विहिरीचं पाणी मऊ आहे, डाळ पटकन शिजते, हाताला साबण लावला की सुटता सुटत नाही. अशा पाण्यात पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्या पावडरीत कपडे स्वच्छ निघतात, आणि उरलेली निम्मी जाऊन स्पायडरवरच बसायची. महिन्यातून एकदा रिकामं मशीन 60 अंशांवर चालवते, म्हणजे साठलेला चिखल निघतो. मशीन साफ करायला धुण्याचा सोडा वापरू नका, अ‍ॅल्युमिनियमला तो मानवत नाही. टॉवेलांचा स्पिन 1200 ऐवजी 800 वर लावते, त्यात स्पायडरवरचा ओढा निम्म्याहून कमी होतो. वाळायला थोडा वेळ जास्त लागतो, पण हंगामात ऊन असतंच.

आणि पावसाळ्यासाठी: मार्चअखेरीला पाहुणे गेले की एक गरम फेरी, एक नुसता स्पिन, मग दार आणि पावडरचा खण उघडा ठेवायचा. प्लॅस्टिकचं कव्हर घालत नाही, त्यात ओल कोंडते, जुनी सुती चादर टाकते. मशीन दोन दिवसांहून जास्त बंद असेल तर येता-जाता दार उघडून ड्रम हाताने दहा-बारा फेरे फिरवते. हात पाठीवर ठेवते. आज, भर जुलैत, बाहेर मुसळधार पाऊस असतानाही तळहाताला काही लागलं नाही. खालचा फिल्टर उघडला तर त्यात एक शर्टाचं बटण होतं आणि चिमूटभर रेती. बटण शिवायच्या डब्यात टाकलं. रेती कुठल्या टॉवेलातून आली ते मात्र शोधतेय.